जंगलाची कसोटी

सोन्याचा दागिना घेताना आपण त्यावरील हॉलमार्क पाहतो. मधाची बाटली घेताना ॲगमार्कचे चिन्ह शोधतो. सोनारावर किंवा दुकानदारावर आपला अविश्वास असतो असे नव्हे; परंतु ज्याचा माल त्यानेच त्याची ग्वाही द्यावी, हे आपल्याला पुरेसे वाटत नाही. मग देशाची अमोल ठेव असलेली अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने नीट राखली जातात की नाही, हे कोणाच्या शब्दावरून ठरवायचे?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राजस्थानातील सरिस्का हे वन 1978 पासून व्याघ्र प्रकल्प होते. तेथे अधिकारी होते, वनरक्षक होते आणि गणनेच्या नोंदींत वाघही होते. प्रत्यक्षात तेथे एकही वाघ उरला नसल्याचे 2005 मध्ये उघड झाले. शिकाऱ्यांनी जंगल रिते केले, तरी कागद भरलेलेच राहिले. या घटनेने सारा देश हादरला. शासनाने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृतिदल नेमले. 2006 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाला वैधानिक अधिष्ठान मिळाले. पाऊलठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत मागे पडली आणि स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून प्रत्येक वाघ त्याच्या पट्ट्यांवरून ओळखला जाऊ लागला.

याच सुमारास आणखी एक महत्त्वाचा विचार रुजला. वाघ किती, एवढेच विचारून भागत नाही. जंगलाची व्यवस्था कशी आहे, हेही तपासले पाहिजे. आराखडा आहे काय, मनुष्यबळ आणि निधी पुरेसा आहे काय, गस्त खरोखर घातली जाते काय, आणि या साऱ्याचे फलित काय, असे प्रश्न विचारून गुण देण्याची पद्धत 2006 पासून आपल्या व्याघ्र प्रकल्पांत सुरू झाली. जागतिक पातळीवरही असे निकष तयार झाले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2014 मध्ये उत्तम व्यवस्थापन असलेल्या संरक्षित क्षेत्रांची ‘हरित यादी’ सुरू केली. वाघांच्या क्षेत्रांसाठी ‘कॅट्स’ या नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र मानके आली. महाराष्ट्रातील पेंचसह भारतातील 14 व्याघ्र प्रकल्पांना ही मान्यता मिळाल्याचे 29 जुलै 2021 रोजी, जागतिक व्याघ्र दिनी, जाहीर झाले.

अशी मानके हवीतच, असे माझे स्पष्ट मत आहे. जे मोजले जात नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष होते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. मात्र प्रमाणपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या निःस्पृहतेवर अवलंबून असते. परीक्षक बाहेरचे असावेत, त्यांचा अहवाल लोकांना वाचता यावा, आणि कारभार ढासळला तर दिलेली मान्यता काढून घेण्याचे धैर्य असावे. ज्या परीक्षेत कोणी नापास होऊच शकत नाही, तिच्यातील उत्तीर्णतेला काय अर्थ?

दुसरी गोष्ट माणसांची. पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला पावसाळ्यासाठी चांगले बूट आहेत काय, त्याच्या चौकीत पिण्याचे पाणी आहे काय, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण जंगलाचे रक्षण शेवटी त्याच्याच पायांवर उभे असते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या गावकऱ्यांचेही तेच. केरळातील पेरियारमध्ये एकेकाळी रानदालचिनीची साल चोरून विकणाऱ्या लोकांना विश्वासात घेऊन वाटाडे आणि रक्षक करण्यात आले. ज्यांना जंगलातील चोरवाटा ठाऊक होत्या, तेच त्या वाटांवर पहारा देऊ लागले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 51 व्याघ्र प्रकल्पांच्या मूल्यमापनात पेरियार पहिले आले, याचे मला नवल वाटत नाही. उलट, ज्या मानकांत गावकऱ्यांच्या हक्कांना आणि संमतीला जागा नाही, ती मानके अपुरीच म्हटली पाहिजेत.

अर्थात प्रमाणपत्राच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. मध्य प्रदेशातील पन्ना येथील वाघ 2009 पर्यंत नाहीसे झाले; म्हणजे मूल्यमापनाची पद्धत सुरू झाल्यानंतरही ते वाचले नाहीत. पुढे इतर जंगलांतून वाघ आणून तेथे त्यांची वस्ती पुन्हा उभी करण्यात आली, आणि 2021 च्या त्या 14 नावांत पन्नाचेही नाव झळकले. एवढ्या कष्टाने सावरलेल्या याच जंगलाच्या गाभा क्षेत्राचा काही भाग केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाच्या धरणात बुडणार आहे. तहानलेल्या बुंदेलखंडाला पाणी हवे, हे कोणीही नाकारणार नाही. पण व्यवस्थापकाने सर्व गुण मिळवूनही जंगलाचे भवितव्य त्याच्या हाती नसते, हे यावरून दिसते. ते देशाच्या प्राधान्यक्रमावर ठरते, आणि तो क्रम आपण नागरिक ठरवत असतो.

म्हणून जंगलाच्या दारावर मानचिन्ह दिसले, की समाधानाने पाठ फिरवू नये. ते कोणी दिले, कशासाठी दिले आणि आज ते खरे आहे काय, हे विचारत राहावे. सरिस्कात हे प्रश्न वेळेवर विचारले गेले असते, तर तेथील वाघ कदाचित केवळ नोंदींत उरले नसते.