मंच कुणाचा, खर्च कुणाचा

आम्ही वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतली शिकवणारी आणि शिकवणाऱ्यांच्या सोबत उभी राहणारी माणसं आहोत. आमच्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक आहेत, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, शाळा व्यवस्थापन समितीवरचे आईबाप आहेत. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारी काही पोरंही आहेत, जी शाळेचा बंद पडलेला प्रोजेक्टर उधारीवर नीट करून देतात. चळवळीला आम्ही नाव ठेवलेलं नाही, बोधचिन्हही काढलेलं नाही. बोधचिन्ह आलं की ते कुणाच्या तरी बोधचिन्हाशेजारी छापायची घाई सुटते.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. सरकारी शाळेच्या शिक्षकांना बोलावून भरवलेल्या कोणत्याही शिक्षण-तंत्रज्ञान परिषदेत पैसा कुणाचा, विषय कुणी ठरवले आणि तिथे दाखवलेलं साहित्य कुणाच्या मालकीचं, हे दारावरच लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल, तर आम्ही आत जाणार नाही.

या परिषदा कशा चालतात ते गेलेल्यांना माहीत आहे. पहिला तास प्रायोजकांच्या सत्काराचा. मग 'तज्ज्ञ मार्गदर्शक' उभे राहतात आणि कार्यक्रमपत्रिका उलटून पाहिली की कळतं, हे तर बाहेर ज्यांचा स्टॉल आहे त्यांचेच अधिकारी. ज्याचा स्टॉल मोठा त्याचं भाषण लांब. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग एकाच खोलीत सांभाळणाऱ्या बाईंना बोलायला पाच मिनिटं मिळतात, तीही जेवणाआधीची. प्रश्नोत्तरं वेळेअभावी रद्द होतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं की शिक्षकांनी नव्या तंत्रज्ञानाचं स्वागत केलं. आम्ही स्वागत केलं नव्हतं, आम्ही रांगेत उभे होतो.

कंपनीच्या पैशाला हात लावला की बाटलो, असं म्हणणारे आम्ही नाही. आपल्याच विदर्भात 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी एक शिक्षण परिषद भरली होती, वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली. ज्या शिक्षण मंडळाच्या अंगणात ती भरली ते जमनालाल बजाजांनी उभं केलेलं. म्हणजे सेठजींचा पैसा तिथेही होता. पण परिषदेचा विषय आधीच्या कित्येक आठवड्यांपासून गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाच्या अंकांत उघड मांडलेला होता, कुणीही वाचावा आणि भांडावं. परिषदेत प्रा. के. टी. शाह यांनी स्वावलंबी शाळेच्या कल्पनेला गांधीजींच्या समोर विरोध केला. झाकिर हुसेन यांनीही शंका मांडल्या, आणि पुढे अभ्यासक्रमाच्या समितीचं अध्यक्षपद नेमकं त्यांच्याकडेच गेलं. कामकाज छापून निघालं, आजही वाचता येतं. तिथे मांडलेली नई तालीम पटो न पटो. आमच्यातही तिच्यावरून दोन तट आहेत, मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च काढणं काहींना तेव्हाही धोक्याचं वाटलं असतं आणि आजही वाटतं. पण परिषद भरवायची कशी याचा नमुना शोधायला आम्हाला सिंगापूरला जायची गरज नाही. वाशिमहून वर्धा पुरे.

हे सगळं आत्ताच का, असं विचाराल. वाशिम हा देशातल्या 112 आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि आपण. अशा यादीत नाव आलं की योजना येतात, आणि योजनांच्या पाठोपाठ भागीदार येतात. सप्टेंबर 2021 मध्ये नीती आयोगानं बायजूज या कंपनीशी हातमिळवणी जाहीर केली. या जिल्ह्यांतल्या सहावी ते बारावीच्या मुलांना तीन वर्षं ॲप मोफत, आणि अकरावी-बारावीच्या 3,000 निवडक मुलांना नीट-जेईईची शिकवणी. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 23 डिसेंबर 2021 रोजी, केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं कुणा एका कंपनीचं नाव न घेता पालकांना सावध केलं. मोफतच्या आश्वासनाला भुलू नका, खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याची परवानगी देऊ नका. एकीकडे आयोगाचा हात खांद्यावर, दुसरीकडे मंत्रालयाचा इशारा. मधे उभा राहिला तो वर्गशिक्षक, कारण पालक त्यालाच विचारतो, 'सर, घेऊ का हे?'

जुलै 2024 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारण ठरली क्रिकेट मंडळाची सुमारे 158 कोटींची थकबाकी, भारतीय संघाच्या जर्सीवरच्या नावाची. कंपनी बुडाल्याचा आनंद मानायचं कारण नाही, तिथं पगार थकलेली पोरंही कुणाच्या तरी घरची होती. आमचे प्रश्न साधे आहेत. वाशिम जिल्ह्यातल्या किती मुलांनी ते ॲप वापरलं? किती जणांची नावं आणि आईबापांचे मोबाइल नंबर त्यात गेले? आता ते कुणाच्या ताब्यात आहेत? क्रिकेट मंडळाला आपली थकबाकी मागायला न्यायाधिकरण आहे. आमच्या सातवीतल्या मुलीची माहिती परत मागायला कुठं जायचं?

म्हणून खुलेपणा म्हणजे काय तेही आधी स्पष्ट करतो. खुलं व्हायचं आहे ते हिशेब, विषयपत्रिका आणि साहित्य. मुलं खुली करायची नाहीत. सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक व्यासपीठाचा पाया असलेलं सनबर्ड हे सॉफ्टवेअर एकस्टेप फाउंडेशननं खुल्या परवान्यावर दिलं, ही चांगलीच गोष्ट. पण जानेवारी 2023 मध्ये उघड झालं की 'दीक्षा'वरची दहा लाखांहून जास्त शिक्षकांची नावं, फोन आणि ईमेल एका असुरक्षित सर्व्हरवर पडून होते, आणि लाखो विद्यार्थ्यांची माहितीही. व्यासपीठ सरकारी होतं, म्हणून सरकारलाही आम्ही यातून सोडत नाही. त्याआधी 2022 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेनं 49 देशांच्या सरकारांनी कोविडकाळात पुढे केलेली 164 शैक्षणिक उत्पादनं तपासली. त्यातली 89 टक्के मुलांच्या हक्कांना धोका पोहोचवणारी निघाली. परिषदेच्या मंचावर हा विषय एकदाही निघाल्याचं आमच्या कुणाच्या ऐकण्यात नाही. प्रायोजकाच्या मांडवात तो निघणार तरी कसा?

आता साहित्याबद्दल, कारण आमचं खरं दुखणं तिथं आहे.

मानोरा-मंगरुळपीरच्या तांड्यावरून पहिलीत येणारं लेकरू घरची गोरबोली घेऊन येतं. त्याच्यासाठी शब्दकार्डं, गाणी, फोनवर रेकॉर्ड केलेल्या गोष्टी कुठल्याही कंपनीच्या पेन ड्राइव्हमध्ये सापडत नाहीत. बाजार छोटा आहे ना! ते साहित्य शाळेतले सर आणि मॅडमच करतात, रात्री घरी बसून, बहुतेकदा स्वतःच्या डेटा पॅकवर. मग ते व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतं आणि कधी कधी दुसऱ्याच कुणाचा वॉटरमार्क अंगावर घेऊन आमच्याच गटात परत येतं. पुढच्या वर्षी तेच 'प्रीमियम कंटेंट' म्हणून स्टॉलवर.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. एनसीईआरटीनं 2013 मध्ये मुक्त शैक्षणिक साहित्याचं राष्ट्रीय भांडार सुरू केलं तेव्हाच क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्वीकारला. करणाऱ्याचं नाव राहील, वापर आणि बदल कुणीही करील, आणि बदललेलं पुन्हा तसंच खुलं ठेवील. आम्ही आजपासून परिषदेत मांडू ते सगळं याच परवान्यावर मांडू, तेही बदलता येईल अशा फाइलमध्ये. नुसती पीडीएफ देणं म्हणजे कुलूप लावून किल्ली आपल्याकडे ठेवणं. ही गोष्ट 1967 पासून आपली पुस्तकं काढणाऱ्या बालभारतीलाही सांगायची आहे. पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, त्याबद्दल आभार. पण त्यातला धडा गोरबोलीत आणायचा तर परवानगी मागत बसावं लागतं. जनतेच्या पैशातून तयार झालेलं पाठ्यपुस्तक खुल्या परवान्यावर यावं, ही आमची शासनाकडे पहिली मागणी आहे.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावले, तेव्हा ती युक्ती पुढे राज्यभर पसरू शकली. त्यामागे गुरुजींची कल्पकता होतीच, पण डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीनं 1994 मध्ये तो कोड काढल्यावर पेटंटचा हक्क न बजावण्याचं ठरवलं, हेही होतं. कंपन्यांना उदार होता येतं, याचा आम्हाला विसर पडलेला नाही.

शाळेच्या नावाचंही एकदा बोलून टाकू. सप्टेंबर 2023 च्या दत्तक शाळा योजनेनं दर ठरवून दिले आहेत. ग्रामीण शाळेला 50 लाख दिले तर पाच वर्षं, एक कोटी दिले तर दहा वर्षं देणगीदारानं सुचवलेलं नाव शाळेला जोडता येतं. ज्या गावांनी लोकवर्गणीतून डिजिटल वर्गखोल्या उभ्या केल्या, त्यांचं नाव कुठल्या पाटीवर आलं? पाटीच्या या बाजाराचंच थोडं लहान रूप परिषदेच्या बॅनरवर असतं.

मंच कुणाचा, हे भांडण परदेशातही झालेलं आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या मुक्त शिक्षणाच्या वार्षिक परिषदेत पाठ्यपुस्तक प्रकाशक कंपन्यांना मुख्य मंच देण्याचं ठरलं. लोकांनी हरकत घेतली, चर्चासत्र रद्द झालं, आणि वर्षानुवर्षं ती परिषद भरवणाऱ्या डेव्हिड वायली यांनी यापुढे ती भरवणार नाही असं जाहीर केलं. खुलेपणाच्या नावानं जमलेल्यांनाही मंच कुणाला द्यायचा हे आधी ठरवलेलं नव्हतं. आम्ही आधी ठरवतो आहोत. आपल्याकडे डॉक्टरांसाठी 2009 पासून नियम आहे की औषध कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घ्यायचा नाही. तो किती पाळला जातो हा वेगळा विषय. पण डॉक्टरांच्या परिषदेत निदान चोरून खावं लागतं. आमच्याकडे जेवणाच्या ताटाशेजारीच ऑर्डर फॉर्म ठेवलेला असतो.

आमची परिषद आम्ही केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, उभी करू. दर महिन्याची केंद्राची शिक्षण परिषद आहेच, तीच नीट चालवू. मांडव नको, शाळेचा व्हरांडा चालेल. जेवण यजमान गावाच्या वर्गणीतून, त्याचा हिशेब त्याच संध्याकाळी फळ्यावर. विषय पंधरा दिवस आधी जाहीर होतील आणि ते वर्गात शिकवणारी माणसं ठरवतील. मुख्य भाषणाला विक्री करणारा माणूस नसेल.

कंपनीनं यावं, जरूर यावं. मात्र मंचावर नव्हे, वर्गात. आमच्या शाळेत, आमच्या मुलांसमोर, वीज गेलेली असताना आणि नेटवर्कची एक काडी असताना वस्तू चालवून दाखवावी. पहिल्या वर्षाची किंमत सगळेच सांगतात, त्यांनी चौथ्या वर्षाची सांगावी. कंपनी बंद पडली तर आमचे धडे आम्हाला कोणत्या रूपात परत मिळतील, आणि मुलांची माहिती कोणत्या तारखेला पुसली जाईल, हे लिहून द्यावं. पालकांच्या संमतीचा कागद मराठीत असावा आणि आठवी शिकलेल्या आईला तो समजावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, ते शिक्षणहक्क कायद्यानंच ठरवलं आहे. खरेदीचा किंवा 'मोफत प्रयोगा'चा निर्णय त्या समितीसमोर वाचून दाखवल्याशिवाय होऊ नये.

अधिकाऱ्यांना आमची विनंती आहे आणि विनंती ऐकली नाही तर अर्ज आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार कार्यालयानं माहिती आपणहून जाहीर करायची असते. जिल्ह्यातल्या शिक्षकांना ज्या ज्या खासगी परिषदांना 'कर्तव्यावर' म्हणून पाठवलं, त्यांची यादी, प्रायोजकांची नावं आणि त्यानंतर त्याच प्रायोजकांकडून झालेली खरेदी, एवढं शेजारी शेजारी लावा. आम्ही आरोप करत नाही, तीन रकाने मागतो आहोत.

पैसे भरून मिळणाऱ्या 'आदर्श' पुरस्कारांबद्दल लांबलचक लिहायची गरज नाही. आमच्यापैकी कुणी ते घेणार नाही, ज्यांच्या भिंतीवर आहेत त्यांनी ते उतरवायचे की नाही हे त्यांचं त्यांनी पाहावं.

या जाहीरनाम्यावर सही करायला फी नाही. अट एक आहे. सहीच्या खाली, गेल्या तीन वर्षांत कोणत्या कंपनीकडून काय घेतलं ते प्रत्येकानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं: टॅबलेट, गाडीभाडं, हॉटेलची खोली, पेन, पिशवी, काहीही. यादी केंद्रशाळेच्या दर्शनी भिंतीवर लागेल. पिशव्या फार निघतील असा अंदाज आहे, म्हणून कागद मोठा आणला आहे.