मिटत्या पंख्यांची पावसाळी तपासणी

मे महिन्याच्या उत्तरार्धात मुंबई बंदरातील शिडाच्या नौका एकामागून एक पाण्याबाहेर येऊ लागल्या, म्हणजे आपल्या व्यवसायातील फिटर, सर्व्हेअर आणि गोदीवाले यांची जी धांदल उडते, तिच्यात शाफ्टच्या टोकाशी बसविलेल्या मिटत्या अथवा फेदरिंग पंख्याची वास्तविक तपासणी राहून जाण्याचा एक शिरस्ताच पडून गेला आहे. त्या पंख्याला झळाळी आणण्यात मात्र कोणी कसूर करीत नाही. नौका ठोकळ्यांवर टेकते न टेकते तोच तिच्या तळावर पाण्याचा जोरकस फवारा सोडला जातो, पाठोपाठ खरवडणी आणि एमरी कागद फिरतो, आणि सायंकाळी मालक येतो तेव्हा पंखा असा लखलखीत असतो की बिलावर सही करताना त्याला यत्किंचितही शंका येत नाही. आमची तक्रार या मेहनतीविषयी नसून तिच्या क्रमाविषयी आहे. कारण आठ महिने खाऱ्या पाण्यात काढून बाहेर आलेला पंखा आपली सारी हकीकत अंगावर घेऊन आलेला असतो, आणि ती वाचण्यापूर्वीच आपण पुसून टाकतो.

शिडाच्या नौकेला इंजिन हवेही असते आणि नकोही असते. बंदरात शिरताना किंवा वारा पडल्यावर ज्या पंख्याचा आधार वाटतो, तोच पंखा शिडे भरली की कीलच्या मागे विनाकारण पाणी अडवून उभा राहतो. स्थिर तीन पात्यांचा पंखा मध्यम आकाराच्या नौकेचा अर्धा नॉट सहज खातो, कधी अधिकही. आणि अर्धा नॉट ही किरकोळ बाब वाटत असल्यास मुंबईहून गोव्याकडे शिडावर निघालेल्या नौकेने एका अहोरात्रात 12 सागरी मैल गमावले, असा हिशेब मांडून पाहावा. ही अडचण पंख्याइतकीच जुनी आहे. ब्रिटिश आरमाराच्या 1860 साली पाण्यात उतरलेल्या 'वॉरियर' या लोखंडी युद्धनौकेवर शिडे उभारण्यापूर्वी दोन पात्यांचा तो प्रचंड पंखा शेकडो खलाशांनी दोर ओढून नौकेच्या पिछाडीतील विहिरीत वर घ्यावयाचा आणि धुराडेही दुर्बिणीच्या नळीसारखे आत सारावयाचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. आज जे काम पाण्याचा प्रवाह आणि मुठीत मावणारे चार दाते बिनबोभाट करतात, त्या दात्यांना वर्षातून एकदा नीट न्याहाळण्यासही आपणांस सवड असू नये, हे नवल आहे.

मिटत्या पंख्याची रचना वरकरणी साधी. पाती हबमध्ये खिळींवर बसविलेली असतात. शाफ्ट फिरू लागला की केंद्रोत्सारी बलाने ती उघडतात, थांबला की प्रवाहाच्या रेट्याने मागे मिटतात. जुन्या, दातेविरहित दोन पात्यांच्या प्रकारात प्रत्येक पाते स्वतंत्र असल्यामुळे शाफ्ट उभा थांबल्यास खालचे पाते आपल्याच वजनाने लोंबत राही; म्हणून जाणते तांडेल शाफ्टवर आतून रंगाची खूण करून ठेवीत आणि पाती आडवी येतील अशा बेताने तो थांबवीत. पुढे पात्यांच्या मुळाशी दाते कापून ती एकमेकांत अडकविण्याची युक्ती रूढ झाली आणि पाती एकदमच उघडू-मिटू लागली. या सोयीची किंमत दाते आणि खिळी चुकवितात. रिव्हर्समध्ये तर या पंख्याला स्वतःच्या कार्याशीच झुंजावे लागते, कारण मागे ओढताना उत्पन्न होणारा रेटा पात्यांना मिटविण्याच्याच दिशेचा असतो आणि केवळ फिरण्याच्या जोरावर ती उघडी राहतात. झिजलेली खीळ अथवा मुळाशी रुतलेला एक बार्नेकल या झुंजीचा निकाल फिरवू शकतो, आणि तो नेमका जेटीसमोर फिरतो.

फेदरिंग पंख्याची गोष्ट निराळी. त्याची पाती मिटत नाहीत. स्वतःच्या अक्षाभोवती वळून प्रवाहाला धार दाखवितात. हबच्या पोटात शंकूच्या आकाराचे गिअर असून इंजिनाच्या पिळाने पाती ठरलेल्या कोनापर्यंत वळतात. दिशा बदलली की तीच पाती पलटून आपली तीच पुढची धार पाण्याला देतात, आणि म्हणून रिव्हर्समधील त्याची पकड मिटत्या पंख्याहून पुष्कळच खंबीर असते. मात्र पाती सपाट, पीळ नसलेली असावी लागत असल्यामुळे पुढे जाताना थोडी कार्यक्षमता सोडावी लागते. इटालियन मॅक्स-प्रॉप हा या जातीचा आपल्याकडे ठाऊक असलेला प्रतिनिधी. हबमधील सारा व्यवहार वंगणावर चालतो, आणि समुद्राचे पाणी ते वंगण थोडेथोडे मागून नेत असते. वर्षातून एकदा ते नव्याने भरणे ही मामुली बाब मानली जाते, पण ग्रीस गनचे दोन दट्टे मारून निपल पुसले म्हणजे काम झाले असे नव्हे. हाताने पाती सावकाश पुढे-मागे वळवीत, प्रत्येक पात्याच्या मुळाशी जुने, दुधाळ झालेले वंगण बाहेर येऊन त्यामागून नव्याचा स्वच्छ रंग दिसेपर्यंत भरणे चालू ठेवले पाहिजे. एका मुळाशी ते येतच नसेल, तर तेथे काहीतरी अडले आहे आणि हब उघडणे प्राप्त आहे.

हब उघडण्याचा प्रसंग आला की आपल्या कारागिरांच्या आत्मविश्वासाविषयी चार शब्द लिहिणे भाग पडते. पाती, हब आणि मधला गिअर यांवर निर्मात्याने अक्षरे आणि अंशांच्या खुणा ठोकलेल्या असतात. त्या घासण्यात पुसट झाल्या असल्या तरी तिरप्या उजेडात दिसतात. गेल्या हंगामात एका गोदीत तीन पात्यांचा फेदरिंग पंखा वंगणासाठी खोलून पुन्हा बसविताना एक पाते एक दाता चुकून बसले. नौका पाण्यात उतरल्यावर बाराशे फेऱ्यांवर चहाचे पेले नाचू लागले. तेव्हा प्रथम इंजिनाच्या रबरी बैठका बदलण्यात आल्या, नंतर शाफ्टचे अलाइनमेंट दोनदा तपासण्यात आले, मग कटलेस बेअरिंग काढून नवे घालण्यात आले, आणि हा सर्व खर्च मालकाच्या खाती पडल्यानंतर एका तरुण फिटरने पाती पूर्ण फेदर करून मागून उभे राहून पाहिले, तो दोन पाती एका रेषेत आणि तिसरे किंचित मान वळवून उभे! ही पाहणी पाण्यात उतरण्यापूर्वी पाच मिनिटांत होते, आणि तिला कोणतेही हत्यार लागत नाही.

आता धातूविषयी, कारण सर्वांत मोठा घात तेथेच होतो आणि झळाळी त्यावरच पांघरूण घालते. ज्याला आपण मँगनीज ब्राँझ म्हणतो, तो स्वभावतः पितळच आहे. त्यात 40 टक्क्यांच्या आसपास जस्त असते. शाफ्टवरचे अथवा हबच्या टोकाचे बलिदानी झिंक संपले की समुद्र या मिश्रधातूतील जस्त वेचून नेऊ लागतो आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. त्याचा रंग गुलाबी. न घासलेल्या पात्यावर, विशेषतः धारेशी आणि मुळाशी, हा गुलाबी डाग स्पष्ट ओळखू येतो; एमरी फिरल्यावर मात्र तोच भाग काही दिवस इतरांइतकाच सोनेरी दिसतो. संशय आल्यास कानशीने एक बारीक ओरखडा काढावा. खाली पिवळा धातू लागला तर रोग वरवरचा, गुलाबीच लागत गेला तर पाते बाद. लहान हातोडीने हलकेच ठोकून ऐकण्याची जुनी रीतही त्याज्य नव्हे, कारण निरोगी पाते घणघणते आणि पोखरलेले बद्द वाजते. फक्त पाते हातात सुटे असावे. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझची पाती या बाबतीत पुष्कळ टिकाऊ असतात, तथापि त्यांच्यामुळे झिंकची जबाबदारी टळत नाही. झिंक निम्मे झिजले की बदलावे, त्याला रंग कदापि लावू नये, आणि ते अवघ्या दोन-तीन महिन्यांत नाहीसे होत असल्यास अधिक मोठे झिंक न आणता नौकेतील वीजगळती शोधावी. सेलड्राइव्ह असलेल्या नौकांत तर पायच अॅल्युमिनियमचा असतो. त्याच्या शेजारी तांबेयुक्त विषारी रंग फासणे म्हणजे पंख्याला बार्नेकलपासून वाचविण्यासाठी पाय समुद्राला अर्पण करणे होय. त्याऐवजी सिलिकॉनचा निसरडा लेप देण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. नांगरून पडून राहणाऱ्या नौकेपेक्षा वरचेवर चालणाऱ्या नौकेला तो अधिक मानवतो, मात्र लेपाखालील प्रत्येक थर निर्मात्याच्या मुदतीत बसला पाहिजे. घाईने दिलेला लेप पहिल्या महिन्यातच सालीसारखा निघतो.

दुरुस्ती की नवा पंखा, हा प्रश्न मालक ज्या सुरात विचारतो त्यावरून त्याला कोणते उत्तर हवे आहे ते आपण ओळखतो, आणि बहुधा तेच देतो. वास्तविक उत्तर पात्यांच्या ढिलाईत आहे. प्रत्येक पाते टोकाशी धरून पुढे-मागे आणि आडवे हलवावे, किती हलते ते मोजावे, आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावे. सर्व पाती सारखी ढिली असतील तर ते वय होय, आणि खिळी व बुश बदलून अनेकदा आणखी काही वर्षांची बेगमी होते. एकच पाते अधिक ढिले असेल तर त्याचे कारण सापडेपर्यंत नौका सोडू नये. दाते मात्र एकमेकांना झिजवीत आलेले असतात. झिजलेल्या दात्यांत नवे पाते एकटे घालणे ही खोटी काटकसर आहे, शिवाय पाती वजनाने जुळविलेली असल्यामुळे समतोलही जातो. वाकलेले पाते सरळ करता येते, तुटलेल्या टोकाला वेल्डिंगही होते, परंतु ते काम मिश्रधातू ओळखणाऱ्या आणि नंतर सर्व पाती पुन्हा तोलणाऱ्या कारखान्याकडेच सोपवावे.

नवा पंखा घ्यावयाचे ठरले, तर नौकेचा स्वभाव आधी पाहावा, माहितीपत्रक मागाहून. जिला उधाणाच्या दिवसांत, पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटर वर-खाली होत असताना धावत्या ओहोटीत आपला मुरिंग गाठावयाचा आहे, तिला फेदरिंग पंख्याची रिव्हर्समधील पकड उपयोगी. सेलड्राइव्हच्या, शर्यतीकडे कल असलेल्या हलक्या नौकेला दातेयुक्त मिटता पंखा बरा, आणि आय.आर.सी. प्रमाणपत्र असल्यास पंख्याचा प्रकार बदलल्याची वर्दी त्या दफ्तरी द्यावीच लागते. नव्या पंख्याचा बोर आणि आपला शाफ्ट एकाच उताराचे आहेत असे गृहीत धरण्याचा मोह आवरावा. युरोपीय शाफ्ट बहुधा 1:10 उताराचा, अमेरिकन 1:16, आणि जुन्या ब्रिटिश नौकांत 1:12 आढळतो. हातात धरून हे तिन्ही सारखेच वाटतात. म्हणून चावीशिवाय पंखा शाफ्टवर चढवून त्याच्या पुढील कडेशी खूण करावी, मग चावी घालून तो त्याच खुणेपर्यंत जातो की नाही ते पाहावे. जात नसेल, तर पंखा उतारावर नव्हे, चावीच्या पाठीवर स्वार झाला आहे, आणि असा पंखा आज ना उद्या शाफ्टच मोडतो. हब आणि बेअरिंग यांतील अंतर शाफ्टच्या एका व्यासाहून अधिक नसावे, पात्याचे टोक आणि नौकेचा तळ यांत पंख्याच्या व्यासाच्या किमान 10 टक्के मोकळी जागा असावी, आणि मिटल्यावर मागे लांबलेली पाती सुकाणूला लागत नाहीत ना, हे सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे.

या महिन्यात गोद्यांना आमचे सांगणे आहे ते इतकेच, की फवारा सोडण्यापूर्वी पंख्याचे मागून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक छायाचित्र घ्यावे, पात्यांची ढिलाई, झिंकची स्थिती व मुळाशी दिसलेले वंगण यांची नोंद नौकेच्या नावे एका वहीत करावी, आणि त्यानंतर खुशाल घासावे. वही दोन हंगाम चालली की गेल्या सालच्या आकड्यापुढे यंदाचा आकडा बोलू लागतो आणि मालकाशी हुज्जत घालण्याचे प्रसंग कमी होतात. ऑक्टोबरात नौका उतरल्यावर, दोर सोडण्याआधी, जेटीलाच बांधलेली असताना मंद गतीवर पुढे आणि मागे दोन-चार वेळा गिअर टाकून ठोका ऐकावा. आणि गिअरच्या दांड्याशेजारी, कप्तानाच्या नजरेस पडेल अशी एक पट्टी चिकटवावी. स्थिर पंखा शिडावर मोकळा फिरू दिल्यास थांबविलेल्या पंख्याहून बहुधा कमी पाणी अडवितो, असे स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले आहे, आणि तो नियम मनात धरून पुष्कळ कप्तान मिटता पंखाही मोकळाच सोडतात. फिरता राहिलेला मिटता पंखा मिटतच नाही. म्हणून पट्टीवर असे लिहावे: इंजिन बंद केल्यावर, गिअरबॉक्सच्या कंपनीची मनाई नसल्यास, गिअर रिव्हर्समध्ये टाकून शाफ्ट थांबवावा, हायड्रॉलिक गिअरबॉक्स असल्यास तो तसा थांबत नाही, त्यासाठी शाफ्टला निराळा ब्रेक हवा, आणि पुन्हा इंजिन चालू करण्यापूर्वी गिअर न्यूट्रलवर आणावा.