भरवशाचा मोबाइल आणि पर्समधली चिठ्ठी

मैत्रिणींनो, प्रवासाला निघायचं म्हटलं की आपली तयारी दोन दिवस आधीच सुरू होते. दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे जादा कपडे, सारं कसं आठवणीनं घेतो आपण! रस्त्याचं कुणी विचारलं तर मात्र, ‘मोबाइल आहे ना!’ म्हणून मोकळ्या होतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत मीही तेच म्हणत होते.

आम्ही पुण्याहून श्रीवर्धनला निघालो होतो. ताम्हिणी घाट उतरलो तेव्हा अंधार पडला होता. मोबाइल सांगत होता, माणगाव ३५ मिनिटं. जेवण तिथेच ठरलेलं. मीच सासूबाईंना म्हटलं, ‘आई, इन्सुलिन घेऊन टाका, उतरल्याबरोबर जेवायलाच बसू.’ त्यांनी घेतलं. तेवढ्यात गाणी लावण्याच्या नादात धाकट्यानं नकाशा बंद केला, आणि रेंज नसल्यामुळे तो पुन्हा काही लागेना. विळ्याला रस्ता फुटतो. एक निजामपूरवरून माणगावला जातो, दुसरा सुतारवाडीवरून कोलाडला. पावसात पाटी दिसली नाही आणि आम्ही कोलाडच्या रस्त्याला लागलो. चूक लक्षात आली तोवर सासूबाईंना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. आणि खाण्याचे डबे कुठे, तर डिकीत, सगळ्या सामानाच्या तळाशी! एका टपरीवरच्या बाईंनी चटकन साखरपाणी करून दिलं म्हणून निभावलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ना, तसं झालं.

दोष मोबाइलचा नव्हता बरं का. तो रस्त्याचा हिशेब करतो. घरातल्या माणसांची भूक, औषधं आणि वयं त्याला कुठून कळणार? तो हिशेब आपणच करायचा. आता मी काय करते ते सांगते.

निघण्याच्या आदल्या रात्री, घरात इंटरनेट आहे तोवर, त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या. आपण कुठे आहोत हे मोबाइलला उपग्रहांवरून समजतं, त्याला इंटरनेट लागत नाही; लागतं ते नकाशा आणण्यासाठी. नकाशा आधीच घरात भरलेला असला की रेंज नसतानाही वाट दिसते. फक्त पुढे गर्दी किती आहे, ते तेव्हा कळत नाही.

दुसरं, एका कागदावर मुक्कामापर्यंतची गावं ओळीनं लिहा: पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव. जिथे रस्ता फुटतो त्या गावाखाली रेघ ओढा. चिठ्ठीच्या पाठीमागे उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता, दोन फोन नंबर आणि ११२ हा मदतीचा नंबर लिहा. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली, तरी ११२ लागू शकतो. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ आहे. चिठ्ठी पर्समध्येच ठेवायची. मोबाइलची बॅटरी संपली तरी ती वाचता येते!

तिसरं, मोबाइलनं सांगितलेल्या वेळेवर जेवण आणि औषध टांगू नका. जेवणाआधीचं इन्सुलिन हॉटेलात बसून, जेवण मिळणार याची खात्री झाल्यावरच घ्यावं. किती मिनिटं आधी, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. साखरेची पुडी, ग्लुकोज आणि बिस्किटं हाताशी हवीत. साखर उतरल्याची लक्षणं दिसली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि बरं वाटलं की काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि हो, गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसून नुसती डुलकी घेऊ नका! वाट बघण्याचं काम आपल्याकडे घ्या. शंका आली की काच खाली करून माणसाला विचारा. ‘हे’ विचारणार नाहीत, ठाऊक आहे मला. आपण विचारावं, त्यात कसला कमीपणा?

यंदा त्याच रस्त्यानं गेलो तेव्हा विळ्याच्या आधीच मागून सासूबाईंचा आवाज आला, ‘अगं, चिठ्ठी बघ, इथे वळायचं नाही ना?’