पोस्टरवरचा चेहरा बघून भुलू नका

रविवारची दुपार. जेवणं झाली आहेत, घरात सगळे आहेत, आणि टीव्हीवर हिंदीत डब केलेला एखादा हाणामारीचा इंग्रजी चित्रपट लागला आहे. तो 'एस्केप प्लॅन' असेल तर लगेच चॅनेल बदलू नका. बघा. पण बघण्याआधी थोडं माहीत करून घ्या.

हा चित्रपट २०१३ चा. सिल्वेस्टर स्टॅलोन आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर दोघंही त्यात आहेत. पहिल्याचा जन्म १९४६ चा, दुसऱ्याचा १९४७ चा. म्हणजे चित्रपट आला तेव्हा दोघांनीही पासष्टी ओलांडली होती.

गोष्ट साधी आहे. रे ब्रेस्लिन नावाचा माणूस तुरुंगांची परीक्षा घेतो. खोट्या नावाने कैदी म्हणून आत जायचं, पळून दाखवायचं, आणि बंदोबस्तात कुठे फट राहिली ते सांगायचं, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. एकदा त्याला एका गुप्त तुरुंगात टाकतात आणि सुटकेसाठी ठरलेला परवलीचा शब्द तिथे कोणी मानत नाही. हा तुरुंग कुठे आहे ते मी सांगत नाही. तुम्हीही ट्रेलर आधी बघू नका. ते कळलं की अर्धी मजा गेली.

चित्रपट मध्यम आहे. शंभरात पंचावन्न गुण द्यावेत असा. पहिला अर्धा भाग मात्र मन लावून बघण्यासारखा आहे, कारण तिथे नायक ताकदीने नाही, डोक्याने सुटतो. पहारेकऱ्यांच्या पाळ्या कधी बदलतात ते तो बघून ठेवतो. दुधाच्या खोक्याचा पातळ पापुद्रा वापरून कुलपाचे आकडे शोधतो. नंतर बंदुका निघतात आणि चित्रपट इतर दहा चित्रपटांसारखा होतो. सॅम नीलसारखा चांगला नट तुरुंगाच्या डॉक्टरच्या छोट्या भूमिकेत आहे. त्याला आणखी काम द्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

घरात पन्नाशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवा. व्हिडिओ कॅसेटच्या काळात 'रॅम्बो' आणि 'टर्मिनेटर' बघितलेली ही माणसं. त्या काळात हे दोन नट एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. 'एक्स्पेंडेबल्स'मध्ये दोघं एकत्र दिसले, पण श्वार्झनेगरचं काम तिथे थोडकं होतं. इथे तो स्टॅलोनच्या बरोबरीने उभा आहे. एकांतकोठडीत तो जर्मन भाषेत आरडाओरडा करतो, तो प्रसंग चुकवू नका. त्याने त्यात जीव ओतला आहे.

लहान मुलांना मात्र यापासून दूर ठेवा. अमेरिकेत याला 'आर' दर्जा आहे. म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाला थिएटरात मोठ्या माणसाबरोबरच जाता येतं. तुमची मुलं चौदा-पंधरा वर्षांची असतील तर सोबत बसा. मारहाण दिसली की त्यांच्याशी बोला. पडद्यावरच्या या तुरुंगात ना कोर्ट आहे, ना वकील. मुलांना सांगा की आपल्या राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे नियम वेगळे आहेत, पण हा साधा नियम प्रत्येक मुलाला ठाऊक असावा.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. पोस्टरवरचे ते दंड.

सदुसष्टाव्या वर्षी असं शरीर बघितलं की घरातल्या वीस वर्षांच्या मुलाला वाटतं, आपल्यालाही तीन महिन्यांत जमेल. पन्नाशीच्या बापालाही वाटतं, आपणच आळशी. दोघांनाही पुढचं सांगा.

२००७ मध्ये स्टॅलोनला ऑस्ट्रेलियात दंड झाला. परवानगीशिवाय वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, देशात आणल्याचा गुन्हा त्याने सिडनीच्या कोर्टात कबूल केला होता. श्वार्झनेगरने शरीरसौष्ठवाच्या दिवसांत स्टेरॉइड घेतल्याचं स्वतः सांगितलं आहे, आणि आज तो तरुणांना त्यापासून लांब राहायला सांगतो. 'एक्स्पेंडेबल्स'च्या वेळी मारामारीच्या प्रसंगात स्टॅलोनच्या मानेचं हाड मोडलं आणि तिथे धातूची पट्टी बसवावी लागली. पडद्यावर यातलं काही दिसत नाही.

तुमचा मुलगा जिमला जातो ना? चांगलं आहे, जाऊ द्या. पण तो पाण्यात ढवळून पितो त्या पावडरचा डबा एकदा हातात घ्या. त्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का बघा. नसेल तर तो डबा घरात ठेवू नका. जिममधल्या कोणी स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या सुचवल्या असतील तर मुलावर ओरडू नका. ओरडलात की तो लपवील. शांतपणे विचारा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. अशा स्टेरॉइडने यकृताला आणि हृदयाला इजा होते, शुक्रजंतू कमी होतात, चेहऱ्यावर पुरळ येतं, स्वभाव चिडका होतो. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, हेही त्याला आडपडदा न ठेवता सांगा. हे बापाने सांगितलं तर जास्त बरं.

आणि बापांनो, तुम्हीही एकदम वजनं उचलू नका. आधी रक्तदाब तपासून घ्या. रोज अर्धा तास भरभर चाला, मग हळूहळू व्यायाम वाढवा. छातीत दुखलं, दम लागला तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

राहिली गोष्ट पैशाची. पहिल्या भागाने अमेरिकेत फारशी कमाई केली नाही, चीनमध्ये मात्र त्याहून बरीच जास्त केली. म्हणून २०१८ मध्ये दुसरा आणि २०१९ मध्ये तिसरा भाग आला. अमेरिकेत हे दोन्ही भाग थिएटर सोडून थेट घरी बघण्यासाठीच विकले गेले. त्यांच्या पोस्टरवर स्टॅलोनचा चेहरा मोठा आहे. पण दुसऱ्या भागात त्याचं काम थोडंच आहे. खरा नायक हुआंग शियाओमिंग हा चिनी नट आहे. श्वार्झनेगर तर दोन्हींत नाही. दुसरा भाग किती वाईट बनवला गेला हे स्टॅलोननेच २०१९ मध्ये समाजमाध्यमावर उघडपणे लिहिलं.

तेव्हा मोबाइलवर भाड्याने चित्रपट घेताना बटण दाबायच्या आधी वर्ष वाचा. २०१३ असेल तर घ्या. २०१८ किंवा २०१९ असेल तर ते पैसे वाचवा.