दुसरा साक्षीदार

तुकारामांच्या गाथेतले शब्द मोजणारा एक छोटा सी प्रोग्राम मी 2009 पासून वापरतो आहे. घरच्या फ्रीबीएसडी मशीनवर तो आधी जीसीसीने कम्पाइल होत असे. 2014 च्या जानेवारीत फ्रीबीएसडी 10.0 ने क्लँगला मुख्य कम्पायलर केलं, तेव्हापासून क्लँगने. दोघांच्याही हातून आकडे बरोबर येत होते. गेल्या रविवारी तोच प्रोग्राम सीप्रॉक या नव्या कम्पायलरने बांधला आणि चार ओळींच्या अभंगाची शब्दसंख्या आली उणे चिन्हासह नऊ आकडी.

पहिला संशय नवख्यावर गेला. सीप्रॉक मायकेल फोर्नी यांनी लिहिलेला आहे आणि त्याचा मागचा भाग, म्हणजे प्रत्यक्ष मशीनच्या सूचना तयार करणारा, आहे क्वेंटिन कार्बोनो यांचा क्यूबीई. मोठ्या कम्पायलरांची 70 टक्के कामगिरी 10 टक्के कोडमध्ये साधायची, असं क्यूबीईचं जाहीर उद्दिष्ट आहे. क्लँग ज्यावर उभा आहे ते एलएलव्हीएम बांधायला घातलं की माझ्या मशीनचा पंखा तासन्‌तास घोंघावत राहतो. क्यूबीईला ‘मेक’ म्हटलं आणि चहाला आधण येण्याआधी काम संपलं होतं. इतक्या लहान गोष्टीत चूक असणारच, असं मला वाटलं.

क्यूबीईला मधल्या टप्प्यांचा मजकूर दाखवायला सांगता येतं. तो मी कागदावर छापून घेतला. एका ओळीत एकच क्रिया: ही किंमत मेमरीतून आण, हिच्यात एक मिळव, परत ठेव. माझ्या फंक्शनमधल्या किमतींना आधी हवी तितकी नावं मिळालेली होती, पण प्रोसेसरकडे सामान्य वापराचे रजिस्टर सोळाच. कोणती किंमत कुठवर जिवंत आहे हे पुढच्या टप्प्यात मांडलेलं, आणि कोणाला रजिस्टर मिळालं, कोणाची रवानगी मेमरीत झाली, तेही नावानिशी. कम्पायलर पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत शिकलेल्या माझ्यासारख्याला हा कागद अनमोल वाटला.

चूक सापडली ती याच कागदावर. मोजणीच्या व्हेरिएबलसाठी जागा राखलेली होती, ती वाचलीही जात होती, पण पहिल्या वाचनाआधी तिथे शून्य ठेवणारी ओळच नव्हती. ती ओळ मी लिहिलेलीच नव्हती. सी भाषा अशा वेळी कसलीही हमी देत नाही. जीसीसी आणि क्लँगच्या हाती इतकी वर्षं योगायोगाने शून्य लागत होतं. इशारे चालू ठेवले असते तर क्लँगनेच सांगितलं असतं. मी ते ठेवले नव्हते.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे की प्रत्येक युनिक्स मशीनवर दुसरा, स्वतंत्रपणे लिहिलेला कम्पायलर असायलाच हवा. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निकाल देऊ नये.

हे फक्त माझ्या गाथेपुरतं नाही. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात (ते 1984 मध्ये छापून आलं) दाखवून दिलं होतं की कम्पायलरमध्ये असं चोरदार लपवता येतं, जे त्याच्या सोर्समध्ये कुठेच दिसत नाही. तो कम्पायलर स्वतःलाच कम्पाइल करताना चोरदार पुढच्या प्रतीत उतरवतो. सीप्रॉकही स्वतःला कम्पाइल करतो. दुसरी आणि तिसरी प्रत बाइट-बाइट जुळते का, हे बांधणीच्या वेळीच तपासता येतं. माझ्याकडे जुळली, आनंद झाला. पण थॉम्पसन यांचा चोर या तपासणीतून सहज सुटेल, कारण तो प्रत्येक प्रतीत सारखाच असतो. त्याला पकडण्याची रीत डेव्हिड व्हीलर यांनी 2005 मध्ये मांडली: संशयित कम्पायलरचा सोर्स आधी वेगळ्या कम्पायलरने बांधा, तयार झालेल्या प्रतीकडून तोच सोर्स पुन्हा बांधून घ्या आणि निकाल मूळ संशयित प्रतीशी ताडून पाहा. त्या वेळी त्यांनी या रीतीने तपासलेला कम्पायलर होता टीसीसी, फाब्रिस बेलार यांचा. तोही असाच लहान. लहान असल्यानेच तो माणसाला वाचून तपासता येतो.

मोठे वाचताच येत नाहीत असं नाही. आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतर्रचनेवर कार्यशाळा घेतल्या, आणि तेवढ्या अवाढव्य कोडमध्ये शिरायला कुणीतरी वाट दाखवावी लागते हे त्यांनी जाणलं होतं. पण तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलीला एका सत्रात पूर्ण वाचून काढायला काही द्यायचं असेल, तर मी क्यूबीई देईन. शिक्षकांनी त्याच्या मधल्या टप्प्यांचा कागद एकदा फळ्याशेजारी लावून पाहावा, ही कळकळीची विनंती.

रोजच्या कामाला मी अजून क्लँगच वापरतो. सीप्रॉकचा कोड हळू चालतो, आणि सोर्समधली प्रीप्रोसेसरची कामं तो दुसऱ्याच्या हवाली करतो. शून्याची ओळ घातल्यावर दोघांचेही आकडे जुळले. आता जुन्या फोल्डरातले आणखी अकरा प्रोग्राम दोन्हींनी बांधतो आहे. सात जुळले. एका पंचांगाच्या प्रोग्रामची तिथी मात्र दोघांची वेगळी येते आहे, आणि या वेळी कोण खरं बोलतंय हे मला अजून कळलेलं नाही.