चूक त्याची, हेलपाटे आमचे

विंचूर हे रस्त्यावरचे गाव आहे. नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे आणि पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मोठा रस्ता येथून जातो. लासलगाव, सटाण्याकडून थेट तापीकाठच्या प्रकाशाला जाणारा महामार्ग तर विंचूरचे नाव घेऊनच निघतो. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या गावात भरतो. कांद्याचा हंगाम आला की ट्रॅक्टर, पिकअप, मालमोटारी, एस.टी. बसेस, मोटारसायकली आणि पायी चालणारी माणसे या सर्वांना तोच एक रस्ता पुरवून पुरवून वापरावा लागतो. अशा ठिकाणी अपघात होणारच. तो टाळावा कसा, यावर पुष्कळ बोलले जाते. शाळेपासून आपण त्यावर निबंध लिहीत आलो आहोत. पण ज्याची काडीइतकीही चूक नव्हती, त्याच्या वाट्याला अपघातानंतर काय येते, यावर क्वचितच कोणी बोलते. या लेखात मला तेवढेच बोलायचे आहे.

मोटारीचा विमा सक्तीचा का, असा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारीत नाही. रस्त्यात पोलिसांनी अडवले तर दाखवायचा तो एक कागद, एवढीच बहुतेकांची समजूत असते. वास्तविक या सक्तीमागे मोठा विचार आहे. मोटार चालवणारा माणूस दुसऱ्याचे नुकसान करू शकतो, आणि ते भरून देण्याइतके पैसे त्याच्यापाशी असतीलच असे नाही. मग ज्याचे नुकसान झाले त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? इंग्लंडने १९३० साली या प्रश्नाला सक्तीच्या विम्याचे उत्तर दिले. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तेच तत्त्व घेतले आणि १९८८ च्या कायद्याने ते पुढे चालवले. हा जो ‘थर्ड पार्टी’ विमा, त्यातला तिसरा पक्ष म्हणजे मालकही नव्हे, कंपनीही नव्हे. तो म्हणजे रस्त्यावरचा परका माणूस. दोघांच्या करारात जो कोठेच नाही, त्याच्यासाठी हा करार सक्तीचा केलेला आहे. समाजाने समाजासाठी केलेली अशी सुंदर तरतूद मला दुसरी आठवत नाही.

माणसाच्या जिवाच्या आणि हातापायांच्या बाबतीत या तत्त्वाने बरीच मजल मारली, हे प्रथम कबूल केले पाहिजे. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. १९८२ साली, चूक कोणाची हे न पाहता मृताच्या वारसांना १५,००० रुपये द्यावेत, अशी तरतूद झाली. पुढे ही रक्कम २५,००० आणि मग ५०,००० झाली. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये अशी भरपाई चूक सिद्ध न करता मागता येते. माणूस दगावला वा जखमी झाला तर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाला कळवावा, असा नियमही त्याच दिवसापासून लागू झाला. दावा अपघात घडला तेथे, आपण राहतो तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे दाखल करता येतो. गरीब कुटुंबाला ही मोठीच सवलत आहे. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकजवळ आमच्याच या रस्त्यावर खासगी बस आणि मालवाहू वाहन यांची धडक होऊन बसने पेट घेतला आणि बारा प्रवाशांचा अंत झाला. तिकीट काढून झोपी गेलेल्या माणसांची त्यात काय चूक? अशांच्या घरच्यांना निदान कायद्याचे एक दार उघडे असते. ते दार गाठायला किती वर्षे लागतात हा निराळा प्रश्न. पण दार आहे.

माणूस सुदैवाने वाचला आणि फक्त वाहन मोडले, की मात्र हा सगळा विचार पातळ होत जातो.

गेल्या वर्षी उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात असताना आमची सहा वर्षांची मोटार विंचुरात ट्रॅक्टरांच्या रांगेमागे उभी होती. मोटारीत वडील आणि मी होतो. मागून आलेल्या पिकअपला वेळेत थांबता आले नाही. डिकी आत गेली, काच फुटली, बंपर लोंबू लागला. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पिकअप चालवणारा जेमतेम विशीचा होता. तो वडिलांना हात जोडून म्हणाला, “काका, केस करू नका. मालक मला उद्यापासून येऊ नको म्हणंल.” जमलेल्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “जाऊ द्या अण्णा, पोरगं गरीब हाय. गाडी काय, पुन्हा होईल.” वडिलांनी पोलीस ठाण्यात रीतसर नोंद केली, पिकअपच्या विम्याचा तपशील घेतला आणि त्या पोराला जाऊ दिले.

नंतर मी पिकअपच्या विमा कंपनीच्या कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थ सभ्यपणे बोलले. म्हणाले, “तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तुम्ही आमचे पॉलिसीधारक नाही. तुम्ही न्यायाधिकरणात दावा लावा, निकाल लागला की आम्ही पैसे देऊ. नाहीतर सरळ तुमच्याच कंपनीकडे क्लेम करा.” त्या एका वाक्यात आपल्या सर्व व्यवस्थेचे सार आहे. ज्या तिसऱ्या माणसासाठी विमा सक्तीचा केला, तोच दाराशी आला तेव्हा ‘तुम्ही आमचे कोणी नाही’ असे ऐकून परतला. ग्राहक आयोगात वा विमा लोकपालाकडे जावे, तर तेथेही दाद मागायला आधी त्या कंपनीचे ग्राहक असावे लागते.

आम्ही आमच्याच कंपनीकडे क्लेम केला. आमची पॉलिसी सर्वसमावेशक होती म्हणून तेवढे तरी झाले. ज्याच्यापाशी नुसता थर्ड पार्टी विमा आहे, त्याला कोर्टाच्या पायरीवाचून दुसरा रस्ताच नाही. आता हिशेब पाहा. तो समजावा म्हणून आकडे गोळाबेरीज करून देतो आणि रंगकामाचा व कराचा बारकावा सोडून देतो. खर्च चाळीस हजार. त्यात प्लास्टिकचा बंपर व दिवे ८,०००. यावर घसारा निम्मा, म्हणजे ४,००० वजा. पत्र्याचे भाग १८,०००. गाडी पाच वर्षांहून जुनी, म्हणून घसारा ४० टक्के, म्हणजे ७,२०० वजा. काच ५,००० आणि मजुरी ९,०००. या दोन्ही पूर्ण मंजूर. वर सक्तीची वजावट १,०००. आमच्या खिशातून गेले १२,२०० रुपये.

हिशेब येथे संपत नाही. वडिलांनी कित्येक वर्षे क्लेम न केल्यामुळे त्यांना ‘नो क्लेम बोनस’ मिळत होता, तो ५० टक्क्यांना पोहोचला होता. क्लेम केला की तो शून्यावर येतो. चूक कोणाची हे कोणी विचारीत नाही. पुढे तो २०, २५, ३५, ४५ आणि मग पुन्हा ५० अशा पायऱ्यांनी चढतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपोटीचा मूळ हप्ता ८,००० रुपये धरला आणि तो तेवढाच राहिला असे मानले, तर पाच वर्षांत गमावलेली सवलत ५०, ३०, २५, १५ आणि ५ अशी एकूण १२५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये होते. चाळीस हजारांच्या नुकसानीत बावीस हजार दोनशे रुपये कोणी सोसले? ज्याची गाडी जागेवर उभी होती त्याने. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे जुनी आहे. येथे तर सुळीचा खर्चही संन्याशाकडूनच वसूल होतो.

यावर कंपन्यांचे म्हणणे असे की आम्ही एकमेकींकडे वसुलीला गेलो तर कागदपत्रे आणि वकील यांतच पैसा जाईल, आणि शेवटी त्याचा भार हप्त्यांवरच पडेल. म्हणून त्यांचा आपसांत एक करार आहे. त्याला ‘नॉक फॉर नॉक’ म्हणतात. ज्याच्या त्याच्या कंपनीने आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यावी आणि दुसरीकडे मागणी करू नये. कंपन्यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे, कारण आज हिचे गेले तर उद्या तिचे जाईल आणि वर्षाअखेरी तोंडमिळवणी होईल. परंतु कंपन्यांची तोंडमिळवणी होते तशी माणसांची होत नाही. माझ्या वडिलांना उद्या कोणाच्या तरी गाडीला धडक देऊन हिशेब फेडण्याची इच्छा नाही.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. समोरच्याची चूक आहे असे म्हटले की पैसे मिळू लागले, तर उद्या जो तो तेच म्हणेल. ही भीती अनाठायी नाही. अपघाताचे बनावट दावे आपल्या देशात उघडकीस आलेले आहेत. परंतु लबाड माणसाच्या भीतीने सरळ माणसाला दंड करावा, हा न्याय कोठला? पोलिसांची नोंद, जागेवरचे फोटो, दोन्ही चालकांची सही आणि सर्व्हेअरची पाहणी एवढे असल्यावर उभ्या गाडीला मागून कोणी धडक दिली, हे ठरवायला वर्षे लागू नयेत.

इटलीत १ फेब्रुवारी २००७ पासून अशी व्यवस्था चालू आहे की निर्दोष चालकाला त्याचीच विमा कंपनी भरपाई देते, परंतु ती दोषी चालकाच्या कंपनीच्या वतीने. दोन कंपन्या मग आपसांत हिशेब करतात आणि हप्ता वाढतो तो दोषी चालकाचा. आपल्या करारात निर्दोष माणसाने आपल्या कंपनीकडे जावे एवढा अर्धा भाग आला. त्याला झळ लागू नये हा उरलेला अर्धा भाग आलाच नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. समोरच्याची चूक कागदोपत्री स्पष्ट असेल, तर ठराविक मर्यादेपर्यंतच्या दुरुस्तीत निर्दोष वाहनधारकाचा बोनस तुटू नये, आणि घसारा व वजावट यांची रक्कम दोषी वाहनाच्या कंपनीने ठरलेल्या दिवसांत द्यावी. दोषी वाहनाच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंतची तरतूद असते. त्यासाठी त्या मालकाकडून हप्ता घेतलेला असतो. बारा हजार दोनशे रुपयांसाठी कोणी न्यायाधिकरणाची पायरी चढत नाही. म्हणजे हप्ता घेतलेला, जोखीम घडलेली आणि पैसा मात्र जागच्या जागी!

रस्त्यावर जमलेल्या लोकांचेही दोन शब्द ऐकले पाहिजेत. ‘पोरगं गरीब हाय’ हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्याकडे अपघात झाला की दोनच रीती दिसतात. एक तर चालकाची गचांडी धरून जागेवर पैसे काढून घेणे, किंवा मोठ्या मनाने सोडून देणे. पहिल्या रीतीत बळवंताचे राज्य. दुसऱ्या रीतीत भला माणूस भुर्दंड सोसतो. विम्याने या दोन्हींतून सुटका व्हायची होती. पोरावर दया करता यावी आणि मोडलेले भरूनही मिळावे, यासाठीच तर मालकाने हप्ता भरलेला असतो. व्यवस्था सुधारली तर माणसांना भले वागणे परवडेल. आज ते महाग पडते, आणि जे महाग पडते ते हळूहळू समाजातून नाहीसे होते. या प्रश्नाकडे मी नुसत्या पैशाचा प्रश्न म्हणून पाहत नाही, ते यासाठी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत आपण मित्रांनी काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. जागेवर तोंडी मिटवू नये. वाहने हलवण्यापूर्वी फोटो घ्यावेत. समोरच्या वाहनाचा क्रमांक, चालकाचा परवाना आणि विम्याचा तपशील लिहून घ्यावा. जखमी असेल तर आधी दवाखाना. चालकावर तर कायद्यानेच ते बंधन आहे. पोलीस ठाण्यातील नोंदीची प्रत मागून घ्यावी. आपल्या कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर येण्यापूर्वी गाडी उघडू नये. न्यायाधिकरणात जायचे असेल तर सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, ती विसरू नये. आपल्याच कंपनीने अन्याय केला तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करावा. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आपल्या महाविद्यालयाकडूनही माझी एक अपेक्षा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. त्याच्या जोडीला कांद्याच्या हंगामात उपबाजाराच्या दाराशी आठवड्यातून एक दिवस टेबल मांडून बसावे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा आणि पिकअपचा विमा चालू आहे की संपला हे पाहून सांगावे, आणि ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा. वर मांडलेल्या मागणीचा एक ठराव करून तो भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाकडे पाठवावा. मराठी, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना अर्ज लिहिणे, टक्केवारी मांडणे आणि कलम वाचणे जमायला हरकत नसावी. आपल्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या हंगामापासूनच हे टेबल मांडता येईल. पहिल्या आठवड्याला बसायला मी तयार आहे.