घरजावयाचे म्हातारपण

हल्ली आमच्या मध्यमवर्गात एक नवे खूळ शिरले आहे. निवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहायचे, आणि तेही मुलाच्या घरी नातवंडे सांभाळायला नव्हे, तर थायलंडसारख्या उबदार आणि स्वस्त देशात, आपल्या मर्जीने. शिक्षकांच्या खोलीत, पेन्शनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत हा विषय निघतो आणि कोणीतरी डोळे मिचकावून म्हणतोच, "तिथलीच एखादी पाहिली की झाले! घर तिच्या नावावर, व्हिसा तिच्या नावावर, आणि म्हातारपणी करणारीही तीच." सगळे हसतात. माझे भांडण त्या हसण्याशी आहे, आणि त्याहून अधिक त्या 'की झाले'शी आहे.

हे केवळ पंगतीतले विनोद असते तर सोडून दिले असते. पण पाश्चात्त्य पेन्शनरांना सल्ला देणाऱ्या लिखाणाचाही सूर हाच असतो. त्यात 'स्थानिक जोडीदार' हा शब्द असा येतो, जसा बागायतीच्या पुस्तकात 'पाण्याची सोय' हा शब्द यावा. असेल तर उत्तम, नसेल तर करून घ्यावी. त्या सोयीला स्वतःचे म्हातारपण आहे, आईबाप आहेत आणि बहुधा पुढे येणारे वैधव्यही आहे, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

प्रथम जागा पाहू. थायलंडच्या ईशान्येला मेकाँग नदीच्या कुशीत 'इसान' नावाचा मोठा प्रदेश आहे. उदोन थानी, खोन केन, उबोन ही त्यातली गावे. जमीन कोरडी, पाऊस बेभरवशाचा, चिकट भाताची शेती आणि पोटासाठी बँकॉकची वाट. आपल्या दुष्काळी तालुक्यांची आठवण यावी असा मुलूख. व्हिएतनामच्या युद्धकाळात इथे अमेरिकेचे विमानतळ होते. गोऱ्या पुरुषांशी लग्न होण्याची वहिवाट तेव्हापासून रुजली. आज इसानच्या खेड्यांत इंग्रज, जर्मन, स्वीडिश जावई सहज भेटतात. त्यांना तिथे 'फरांग' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपल्या 'फिरंगी'चाच भाऊ. दोघांचेही मूळ फारसीतून आलेले. गोव्याच्या शेजारी राहणाऱ्यांना तो समजावून सांगायला नको.

इसानमध्ये लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. धाकटी मुलगी आईबापांना सांभाळते आणि घरही बहुधा तिच्याकडेच जाते. म्हणजे हा फरांग मराठीतला घरजावई, आपल्या शेजारच्या कन्नडमधला 'मनेअळिय' झाला. घरजावयाची आपल्याकडे काय प्रतिष्ठा असते हे सर्वांना ठाऊक आहे. फरक इतकाच की आपला घरजावई रिकाम्या हाताने येतो आणि हा पेन्शन घेऊन येतो. आईबापांनी वाढवले त्याचे ऋण मुलीने आयुष्यभर फेडायचे, या भावनेला तिथे 'बून खुन' म्हणतात. लग्नात वराने वधूच्या आईबापांना द्यायच्या रकमेला 'सिन सोत' म्हणतात. यावर आमचे लोक "म्हणजे विकतच घेतली की!" असे म्हणून नाक मुरडतात. मुलाच्या शिक्षणाचा खर्च मुलीच्या बापाकडून वसूल करणाऱ्या समाजाने निदान या विषयावर तरी गप्प बसावे.

आता कायदा. थायलंडच्या १९५४ च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला जमीन जवळपास घेताच येत नाही. १९७९ च्या कायद्याने सदनिका घेता येते, पण एका इमारतीतील एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच, आणि पैसा बाहेरून परकीय चलनात आणलेला असला पाहिजे. खेड्यात सदनिका कुठल्या? तिथे जमीन घ्यायची तर ती बायकोच्या नावावर. आणि त्या वेळी नवऱ्याला जमीन कचेरीत एका निवेदनावर सही करावी लागते, की या खरेदीचा सगळा पैसा माझ्या पत्नीचा स्वतःचा आहे, माझा त्यावर हक्क नाही. आयुष्यभराची बचत त्याची, आणि ती आपली नाहीच असे लिहून देणाराही तोच. राज्याला हे ठाऊक असते, कारकुनाला ठाऊक असते, बायकोला ठाऊक असते. सही मात्र होते.

सीमाभागातल्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. तो कागद थाई लिपीत असतो. ज्या लिपीतले एक अक्षर आपल्याला वाचता येत नाही, त्या लिपीतल्या कागदावर आयुष्याची कमाई लिहून देणे म्हणजे काय, हे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला समजावून सांगायला नको. १९५६ पासून आपण उतारे आणि नोटिसा आपल्या भाषेत मिळाव्यात म्हणून अर्जविनंत्या करत आलो आहोत. न समजणाऱ्या कागदाची धास्ती आपल्याला पिढीजात आहे. आणि आपल्यातलाच कोणी मोठ्या हौसेने तसल्याच कागदावर सही करायला निघाला, तर त्याला चार शब्द सुनवावेसे वाटणारच.

यावर वकील तोडगा सांगतात. बायकोने नवऱ्याला तहहयात उपभोगाचा हक्क लिहून द्यावा आणि तो जमिनीच्या दस्तऐवजावर नोंदवावा, किंवा ३० वर्षांचा भाडेपट्टा करावा. तोडगा कायदेशीर आहे. पण त्याच थाई दिवाणी संहितेत १४६९ वे कलम आहे. पतिपत्नींनी लग्न टिकून असताना आपसात केलेला मालमत्तेचा करार दोघांपैकी कोणीही लग्न असेपर्यंत, किंवा ते संपल्यावर एक वर्षाच्या आत, रद्द करू शकतो. म्हणजे भांडण झाले की ज्या कागदाचा आधार घ्यायचा, तो भांडणातच फाडता येतो. हे कलम वाईट आहे असे मी म्हणत नाही. नवऱ्याच्या दडपणाखाली बायकोने काही लिहून दिले असेल, तर तिची सुटका व्हावी हाही त्याचा एक उपयोग आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्याला 'नियोजन' म्हणतात त्याचा पाया असा भुसभुशीत आहे.

व्हिसाचेही तेच. वय ५० च्या वर असेल तर निवृत्त म्हणून राहता येते. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. थाई व्यक्तीशी नोंदणी विवाह केलेल्याला निम्म्यावर, म्हणजे ४ लाखांवर भागते. ही नोंदणी 'अम्फो'त, म्हणजे तिथल्या तहसील कचेरीत झालेली हवी. गावात भटजीच्या जागी भिक्खू बोलावून, मनगटाला पांढरे दोरे बांधून झालेले लग्न गावाच्या लेखी लग्न, कायद्याच्या लेखी काहीच नाही. शिवाय दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा. साठी-सत्तरीतला माणूस दर तीन महिन्यांनी 'मी अजून इथेच आहे' असे सांगायला जातो, हे चित्र आमच्या हयातीच्या दाखल्यापेक्षाही केविलवाणे आहे.

आणि ज्या पेन्शनच्या जोरावर हे सारे, तिचे काय होते? ब्रिटिश सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्याला जिथल्या तिथे गोठवून मिळते. २००० साली मूळ पेन्शन आठवड्याला ६७ पौंड ५० पेन्स होती. त्या साली पूर्ण पेन्शनवर निवृत्त होऊन जो इसानला गेला, त्याला आजही तेवढीच मिळते. तोच फिलिपाइन्सला गेला असता तर वाढ मिळत राहिली असती आणि २०२४ साली त्याला १६९ पौंड ५० पेन्स मिळाले असते, कारण त्या देशाशी ब्रिटनचा करार आहे आणि थायलंडशी नाही. भारताशीही नाही, म्हणून गोव्यात राहणाऱ्या इंग्रजाचीही तीच गत. त्यात चलनाचा खेळ. २००७ च्या सुमारास पौंडाला जवळपास ७० बाट मिळत, २०१९ मध्ये चाळिशीच्या आसपास. महिना हजार पौंडवाला, जो पूर्वी ६५ हजारांची अट सहज पुरी करत होता, तो घरात बसल्या बसल्या अटीबाहेर गेला. त्याच वर्षी जानेवारीपासून ब्रिटिश आणि अमेरिकन वकिलातींनी उत्पन्नाचे दाखले देणेही बंद केले.

हे सगळे त्या पुरुषाचे दुखणे झाले. त्याच्याबद्दल हळहळणारे पुष्कळ असतात, आणि "बायकोने लुबाडले" अशा कथा चवीने सांगणारेही असतात. पण वयाचे अंतर वीस-पंचवीस वर्षांचे असते तिथे मागे राहणारी कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. तिच्या बाजूने खातेवही उघडा. अमेरिकन माणूस गेला, तर त्याच्या सोशल सिक्युरिटीतून थाई विधवेला लाभ मिळण्यासाठी तिने पतीच्या नात्याने अमेरिकेत निदान ५ वर्षे काढलेली असावी लागतात. जी उदोनबाहेर कधी गेलीच नाही, तिला सामान्यतः काही नाही. ब्रिटनमध्ये २०१६ च्या एप्रिलनंतर लागू झालेल्या नव्या सरकारी पेन्शनचा वारसा विधवेकडे सहसा जातच नाही. व्हिसासाठी ठेवलेली ती ८ लाखांची ठेव साधारणतः नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असते; तो गेला की न्यायालयाने मालमत्तेचा व्यवस्थापक नेमेपर्यंत बँक तिला हात लावू देत नाही. आणि पंधरा वर्षे तिने जी सेवा केली, औषधे दिली, अंथरूण बदलले, त्या सेवेचे मोल कुठल्या रकान्यात?

आपल्याकडे निवृत्तीनंतर लग्न केले तरी त्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले. एका साध्या सरकारी नोकराच्या विधवेला जे आपल्याकडे मिळते, ते लंडनच्या पेन्शनरच्या इसानमधल्या विधवेला मिळत नाही. स्वस्त म्हणून जे कौतुकाने सांगितले जाते, ते स्वस्त कशामुळे आहे ते इथे कळते. त्या म्हातारपणाची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी पुढच्या तीस वर्षांतून वळती होत असते.

"पण घर तर तिला मिळते ना?" असे विचारले जाते. मिळते, आणि मिळायलाच हवे. पण घर खाता येत नाही. शिवाय त्या घरावर भावाचा, भाच्याचा, आजारी आईचा हक्क गावाने आधीच मानलेला असतो. "प्रेमात कसला हिशेब?" असेही कोणी म्हणतील. ज्यांनी व्हिसाचा, विम्याचा, बाटच्या भावाचा हिशेब दमडीपर्यंत केला, त्यांनाच नेमकी बायकोच्या वैधव्याच्या पानावर आल्यावर प्रेमाची आठवण व्हावी, हे मला पटत नाही. खरे प्रेमाचे संसार तिथे नाहीत असे मी म्हणत नाही, पुष्कळ आहेत. ज्यांनी मृत्युपत्र केले, तिच्या नावावर वेगळी ठेव ठेवली आणि तिच्याकडून थाई शिकून कागद स्वतः वाचले, असेही आहेत. त्यांच्याकडे पाहून विनोद करणाऱ्या आमच्या मंडळींनी मान खाली घालावी.

आणि थाई कायद्याला हसण्याआधी आपला पाहावा. भारतात निवृत्तांसाठी व्हिसाच नाही. गोव्यात या शतकाच्या पहिल्या दशकात कित्येक परदेशी नागरिक घरे घेऊन बसले, आणि मग पर्यटक व्हिसावर राहून मालमत्ता घेता येते का या प्रश्नावर नोटिसांचा पाऊस पडला. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मिळते, पण लग्नाला २ वर्षे झाल्यावर. आणि घटस्फोट झाला की ते रद्द होऊ शकते. कार्ड मिळाले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. एका बाबतीत मात्र आपल्या गोव्याचे नाव अभिमानाने घ्यावे. १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यात, वेगळा करार केला नसेल तर, पतिपत्नी लग्नाच्या दिवसापासून मालमत्तेत निम्मेनिम्मे भागीदार असतात, आणि एकाच्या सहीशिवाय दुसऱ्याला घर विकता येत नाही. तिथे जोडीदार ही 'सोय' राहत नाही, हिस्सेदार होतो. परक्या देशात संसार मांडू पाहणाऱ्याने आधी म्हापशात किंवा मडगावात जाऊन असा एखादा दस्त वाचून पाहावा.

राहता राहिली उलटी शक्यता, जी कोणी बोलत नाही. समजा, तीच आधी गेली. अपघात, कर्करोग, काहीही. लग्नाच्या आधारावर मिळणारी मुदतवाढ पुढच्या खेपेस मिळणार नाही. आता ८ लाख हवेत, आणि ते तिच्या उपचारांत गेलेले असतात. वारस म्हणून जमिनीत त्याचा वाटा निघतो, पण परदेशी असल्याने ती ठेवता येत नाही. जास्तीत जास्त एका वर्षाच्या मुदतीत विकावी लागते. वय ७८. मेहुण्याच्या अंगणाला लागून, भातशेतीच्या मधोमध, हौसेने बांधलेले दोनमजली घर. गावातल्यांना ते परवडत नाही, बाहेरचा तिथे येत नाही. ते घेणार कोण?